पाइपामागची भिंत

विचारायला गेली, तिथेच तिचं चुकलं.

गल्लीत आजवर घराच्या बाहेरच्या अंगाला काही करताना कुणीही कुणाला विचारलं नव्हतं. समोरच्या काकूंनी तर दोन वर्षांपूर्वी घराच्या अख्ख्या तोंडाला न्हाणीघरातल्यासारख्या चकचकीत फरशा ठोकून घेतल्या होत्या. दुपारी चारला त्यांच्यावर ऊन पडलं की समोरच्यांना खिडकीत उभं राहायची सोय नाही. त्यांना कधी कागदाचा कपटाही आला नाही. आणि हिला, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय झाकणसुद्धा न उघडणाऱ्या बाईला, चौकशी करून आल्यावर तिसऱ्या दिवशी नोटीस! तीही हातात दिली नाही. परांचीच्या बांबूला डिंकाने चिकटवून गेले.

'बाह्य पृष्ठभागात विनापरवाना बदल. काम आहे त्या स्थितीत तत्काळ थांबवावे.'

आहे त्या स्थितीत! लिहिणाऱ्याने एकदा मान वर करून ती स्थिती पाहिली तरी असती. भिंतीचा वरचा अर्धा भाग खरवडून विटा उघड्या पडलेल्या, सांधे मोकळे झालेले, आणि खालच्या अर्ध्या भागावर तो जुना राखाडी प्लॅस्टिकचा रंग, फुगे आलेला. अर्धी दाढी करून न्हावी पळून जावा तशी भिंत दिसत होती. आणि जोराच्या पावसाला उरले होते पाच आठवडे.

ही भिंत पावसाच्या बाजूची. तिच्या आतल्या अंगाला चिमीची खोली. चिमी चार वर्षांची, आणि चारांपैकी तीन पावसाळे तिने छातीत शिट्टी वाजवत काढलेले. पहिल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना होतं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, घरात ओल आहे का? तेव्हापासून तिच्या आईने दोन गोष्टी सुरू केल्या. एक म्हणजे खोकल्याची वही. कुठल्या दिवशी किती वेळा, पंप किती वेळा द्यावा लागला, सगळं त्यात. आणि दुसरी म्हणजे पेन्सिल. खोलीतल्या भिंतीवर ओल जिथवर चढली असेल तिथे ती पेन्सिलीने बारीक रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. रेघ वर चढली की वहीतले आकडे चढायचे, आठवड्याच्या आत. नवरा सुरुवातीला हसला होता. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा माणूस तो, मोजमापाला हसायचा त्याला खरं तर काही अधिकार नव्हता. पण वही वाचल्यावर तो दुसऱ्याच दिवशी गवंडी शोधायला गेला.

गवंडीमामा आले ते साठीच्या पुढचे, डोळ्यांच्या कडांना चुन्याने लाली आलेले. त्यांनी भिंतीवर आधी तळहात ठेवला, मग बोटाने टकटक केली, मग कानच लावला. चिमीला वाटलं, हे भिंतीचे डॉक्टर.

"हिला श्वास घेता येत नाहीये, ताई," मामा म्हणाले.

"चिमीला?"

"भिंतीला. विटा पाणी पितातच. पिऊ द्यावं, मग ऊन पडलं की त्या सोडून देतात. पण हा रंग म्हणजे रेनकोट. वरून तडा गेला की पाणी आत जातं आणि बाहेर यायला दारच नाही. मग ते येतं तुमच्या खोलीत. रेनकोट घालून माणसाला पळायला लावा, आतून कसा भिजतो बघा."

उपाय सरळ होता. रंग खरवडायचा आणि चुन्याचा गिलावा द्यायचा. दोन आठवडे काम, मग दोन आठवडे भिंतीवर ओली पोती टाकून सावकाश सुकू द्यायचं, आणि हे सगळं जोराच्या पावसाआधी. "चुना घाई करत नाही आणि घाई केलेली त्याला खपत नाही," हे मामांनी दोनदा बजावलं.

काम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात कुठेतरी तिच्या वाचण्यात आलं, की या भागातल्या जुन्या घरांच्या बाहेरच्या अंगाबाबत काही नियम आहेत. झालं. नवरा म्हणाला, "अगं, कोण बघतंय?" सासूबाई म्हणाल्या, "झोपलेल्याला उठवायला जाऊ नकोस." पण न विचारता राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. गेली.

बांधकाम विभागात खिडकी क्रमांक तीन. आत एक बाई बसलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, समोर शिक्क्यांची रांग.

"मॅडम, मला फक्त विचारायचं होतं. बाहेरच्या भिंतीचा गिलावा करायला परवानगी लागते का?"

"घर क्रमांक?"

"सात. पण मी फक्त विचारतेय."

"काम सुरू झालंय का?"

ती एक क्षण थांबली. खोटं बोलायला तेवढा क्षण पुरला असता. "रंग खरवडायला घेतलाय," ती म्हणाली.

मॅडमनी ते लिहून घेतलं. किती नीट अक्षर, असं तिच्या मनातही येऊन गेलं. "कळवू," त्या म्हणाल्या.

आणि कळवलं. डिंकाने.

"विचारलं कशाला?" समोरच्या काकू फाटकात येऊन म्हणाल्या. हातात झाडू, चेहऱ्यावर सहानुभूती, आणि सहानुभूतीच्या खाली थोडी गंमत. "अगं, आमच्या फरशा लागल्या ना, तेव्हा बांधकाम विभागाचा तो साहेब स्वतः इथून गेला. वर बघून म्हणाला, छान दिसतंय."

"तुमच्या फरशा त्यांना दिसल्या नाहीत आणि माझी उघडी वीट दिसली?"

"तू दाखवलीस म्हणून दिसली बाई."

संध्याकाळी नवऱ्याने नोटीस दोनदा वाचली. "तुला सांगितलं होतं" हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिला स्पष्ट दिसलं. ते त्याने गिळलं, त्याबद्दल ती आयुष्यभर त्याची ऋणी राहणार होती. सासूबाईंनी मात्र काही गिळलं नाही. "मी म्हटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि उठून चिमीच्या खोलीतली गादी उचलून आपल्या खोलीत नेऊन टाकली. "तोवर ही माझ्याजवळ झोपेल. आणि तू तोंड पाडून बसू नकोस. जा त्यांच्या डोक्यावर बस."

चार दिवसांनी निरीक्षक साहेब आले. इस्त्रीची पँट, बुटांना माती लागू नये म्हणून अंगणात विटेवरून विटेवर पाय टाकत. त्यांनी मोबाइलवर भिंतीचे तीन फोटो घेतले आणि पाटीवर लावलेल्या फॉर्मवर लिहायला सुरुवात केली.

"पूर्वीचा पृष्ठभाग, रंग. आत्ताचा पृष्ठभाग..." त्यांनी वर पाहिलं. "काय लिहू? 'पृष्ठभाग नाही' असं लिहितो."

"तिथे चुना येणार आहे."

"म्हणजेच बदल. नियम चौदा. साहित्य, पोत किंवा रंग बदलायचा तर आधी परवानगी. त्याच साहित्याने दुरुस्ती केली तर नाही लागत. तुम्ही परत रंगच लावून टाका ना, विषय संपला."

"त्या रंगामुळेच तर भिंत कुजतेय!"

"ते आमच्याकडे येत नाही."

ती त्यांना आत घेऊन गेली. हे ठरवलेलं नव्हतं, पण पाय निघाले. चिमीच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक, तारखांसकट, आणि सगळ्यांत वरच्या रेघेजवळ काळ्या बुरशीचे ठिपके. तिने वही उघडून समोर धरली. "ही बघा रेघ. आणि हा त्या आठवड्याचा खोकला. ही त्याच्या वरची. आणि हा..."

साहेबांनी खरोखर पाहिलं. निदान तीन ओळी तरी वाचल्या असाव्यात. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, ही वैद्यकीय बाब झाली. आमच्या फॉर्ममध्ये मुलांचा रकाना नाही."

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. रकाना नाही! घराच्या बाहेरच्या अंगाचा पोत त्यांना कळतो, रंगाची छटा कळते, आणि घराच्या आत कोण राहतं याला रकाना नाही.

दारातून चिमी म्हणाली, "आई, हे काका कोण?"

"भिंतीचे काका," सासूबाई आतून म्हणाल्या. "फक्त बाहेरून बघतात."

साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दोन रस्ते आहेत, त्यांनी सांगितलं. एक म्हणजे रंग परत लावा. दुसरा म्हणजे रीतसर अर्ज करा, नकाशा जोडा, नव्वद कामकाजाच्या दिवसांत निर्णय येईल.

"नव्वद? पाऊस चार आठवड्यांवर आलाय. उघड्या विटा आहेत!"

"प्लॅस्टिकचा कागद लावा," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "तोही फार भडक रंगाचा नको. निळा चालेल."

गवंडीमामा तिथेच परांचीखाली उभे होते. ते म्हणाले, "साहेब, रंगाच्या खाली चुनाच होता. मी हाताने काढलाय. हे घर मुळात चुन्याचंच."

"मुळात म्हणजे कधी? शंभर वर्षांपूर्वी शेणाचंही असेल. चुना होता याची आमच्याकडे नोंद आहे का? असेल तर दाखवा. मग मी कोण अडवणारा?"

साहेबांनी हे टाळायला म्हणून टाकलं होतं. पण ती सरळ ते उचलून दुसऱ्या सकाळी खिडकी क्रमांक तीनवर हजर झाली.

दोरीच्या चष्म्याच्या मॅडमनी तिला ओळखलं आणि नजर शिक्क्यांकडे वळवली. "मी फक्त लिहून घेतलं हो," त्या न विचारता म्हणाल्या. "लिहून घेणं माझं काम आहे. पुढचं वरती ठरतं."

"मला जुनी नोंद बघायची आहे. घर क्रमांक सात. चुन्याच्या भिंतीची."

"कुठल्या वर्षाची?"

"ते मला कसं माहीत असणार? घर आम्ही सहा वर्षांपूर्वी घेतलं. तुम्ही घराच्या क्रमांकावरून काढा ना."

"जुनी रजिस्टरं वर्षावार आहेत, घरावार नाहीत." मॅडमनी मागे हात केला. मागे छतापर्यंत लोखंडी मांडणी, आणि तिच्यावर कापडी पाठीची जाडजूड रजिस्टरं, एकाला एक खेटून. "एका वर्षाला तीन-चार. वर्ष सांगा, मी काढते. सगळी चाळायला तुम्हाला आत सोडता येत नाही आणि मला वेळ नाही."

"आधीच्या मालकांना विचारू?"

"विचारा की."

आधीचा मालक वारला होता. त्याचा मुलगा दूर कुठेतरी होता. फोनवर म्हणाला, रंग वडिलांनी लावला, स्वस्तात मिळाला म्हणून, कधी ते आठवत नाही. आणि त्याआधी? त्याआधी मी शाळेत होतो, तो म्हणाला, भिंतीकडे कोण बघतं.

दहा दिवस गेले. ती अर्जाचा नकाशा काढायला एकाकडे जाऊन आली, तो म्हणाला दोन आठवडे लागतील. निळा प्लॅस्टिकचा कागद लावला, तो वाऱ्याने दिवसभर फडफडायचा आणि चिमी म्हणायची, आपलं घर जहाज झालं. एका दुपारी आभाळ अवेळी भरून आलं, दहा मिनिटं सरी कोसळल्या, आणि सासूबाईंच्या खोलीच्या कोपऱ्यातसुद्धा ओलीचा हाताएवढा डाग उमटला. तिने पेन्सिल घेतली, पण रेघ मारली नाही. कसला नियम आहे हा, ती मोठ्याने म्हणाली, रिकाम्या खोलीत. ज्या नियमात फरशांचं थडगं चालतं, कुजवणारा रंग चालतो, उघडी वीट आणि निळं प्लॅस्टिक चालतं, आणि न चालणारी एकच गोष्ट म्हणजे भिंत बरी करणं!

अकराव्या दिवशी गवंडीमामा परांची उतरवायला आले. दुसरीकडे काम लागलं होतं, बांबू तिथे हवे होते. तोंड ओशाळं करून ते म्हणाले, "ताई, माझाही नाइलाज आहे."

"तुमचा काय दोष, मामा. मला एक वर्ष मिळत नाहीये. एवढ्या शिकलेल्या बाईला एक वर्ष शोधता येत नाही. ते म्हणतात वर्ष सांगा, की रजिस्टर काढतो."

मामांचा बांबूच्या गाठीवरचा हात थांबला. "वर्ष? कसलं वर्ष?"

"चुन्याचं. भिंत शेवटची चुन्याने कधी केली ते."

"एवढंच?" मामांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग हे मला आधी सांगायचं नाही का! मी समजत होतो कागद हवाय."

त्यांनी सांगितलं ते असं. चुन्याचं काम शिकवणारे त्यांचे उस्ताद प्रत्येक भिंत पुरी झाली की शेवटच्या ओल्या थरावर थापीच्या टोकाने वर्ष कोरायचे. त्यांच्यात त्याला साक्ष म्हणतात. पुढच्या गवंड्याला कळावं, खाली काय आहे आणि किती जुनं आहे. पण दिसेल अशा जागी कोरलं तर मालक बोंब मारतो, म्हणून साक्ष नेहमी पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे, कमरेच्या उंचीवर. या गावात चुना करणारी तीनच घराणी होती आणि तिघांची रीत एकच.

"मी वरून खाली काम करत येतो. कमरेच्या उंचीपर्यंत पोचून पाइप सोडवला असता तर मला दिसलंच असतं. त्याआधीच यांनी थांबवलं."

"पण वरून रंग मारलाय ना?"

"रंगारी पाइप कशाला सोडवतो? पाइपावरून ब्रश फिरवून पुढे. मागे त्याचा ब्रश पोचतच नाही."

दोघं पाइपापाशी गेले. बिडाचा जाड पाइप, भिंतीला चिकटून. मामांनी खिशातून पाना काढला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. "ताई, काम थांबवा असं लिहिलंय. पाइप सोडवला तर ते काम होतं का?"

तिलाही कळेना. नोटीस पुन्हा वाचावी म्हणून ती वळली, तर मागे सासूबाई, कमरेवर हात.

"पाइप तुंबलाय," सासूबाई म्हणाल्या. "मी साफ करायला सांगितलाय. कुणी विचारलं तर म्हातारीने सांगितलं म्हणा. माझ्यावर कुठला नियम लागतो बघू."

वरचा पट्टा सुटला, खालचा गंजलेला होता, तो करकरत सुटला. मामांनी पाइप खांद्याने बाजूला रेटला. मागे हातभर रुंद पट्टा होता, कोळ्यांची जाळी आणि धूळ भरलेला. तिने साडीचा पदर पुढे केला, मग थांबली, आत जाऊन चिमीचा जुना मऊ दात घासायचा ब्रश घेऊन आली आणि हळूहळू धूळ झाडली. खाली पिवळसर पांढरा चुना होता, घट्ट, कोरडा ठणठणीत. इतक्या पावसाळ्यांनंतरही त्याला ओलीचा डाग नव्हता. आणि कमरेच्या उंचीवर, जरा तिरपे, दोन आकडे.

९६.

मामांनी त्यावर बोट फिरवलं. "उस्तादांचा नऊ," ते म्हणाले. "शेपूट अशी आत वळवायचे."

तिने वेगवेगळ्या बाजूंनी आठ फोटो काढले. परांची त्या दिवशी उतरली नाही.

खिडकी क्रमांक तीनवर तिने फोन काचेला टेकवला. "शहाण्णव."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "हे भिंतीवर होतं?"

"पाइपामागे."

मॅडम उठल्या. शिपायाला हाक न मारता त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं, वर चढल्या आणि वरच्या फळीवरून एकामागून एक तीन रजिस्टरं खाली घेतली. पदराने धूळ पुसली. पहिल्यात नव्हतं. दुसऱ्यात त्या मधेच थांबल्या, आणि त्यांचं बोट ओळीखालून अगदी सावकाश सरकलं. मग त्यांनी रजिस्टर उलटं फिरवून खिडकीतून बाहेर सरकवलं. तसं करायची परवानगी नसावी. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं होतं.

'नोंद २१८. घर क्रमांक सात. पावसाच्या बाजूची भिंत, चुन्याचा गिलावा. जुन्याप्रमाणे चुन्यानेच दुरुस्ती, परवानगीची गरज नाही. यापुढेही पृष्ठभाग चुन्याचाच ठेवावा.' खाली सही, गोल शिक्का.

ती शेवटचं वाक्य तीनदा वाचत राहिली. यापुढेही चुन्याचाच ठेवावा. म्हणजे यांनीच सांगितलं होतं. यांच्याच शिक्क्याने! मग कुणीतरी येऊन प्लॅस्टिकचा रंग फासला, तेव्हा यांच्यातला एकही जण फिरकला नाही. आणि आज ती यांचाच हुकूम पाळत होती, तर यांनी येऊन तिला थांबवलं, आणि वर सांगितलं की रंग लावा. माझ्या मुलीने तीन पावसाळे यांच्या विसराळूपणाचा खोकला काढला!

निरीक्षक साहेबांच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं गेलं तेव्हा त्यांनी ते वाचून शांतपणे मिटलं. "बरं झालं, मिळालं," ते म्हणाले, जणू त्यांनीच शोधायला पाठवलं होतं. मग खणातून एक छापील कागद काढला. "यावर सही करा. आजच मोकळं करतो."

तिने वाचलं. औषधाच्या बाटलीसारखं, अगदी खालपर्यंत. 'मी विनापरवाना बदल केल्याचे मान्य करते. पुन्हा अशी चूक होणार नाही.' खाली 'खुलासा' म्हणून तीन कोऱ्या ओळी.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"अहो, औपचारिकता असते. सगळे करतात. सही केली की उद्या काम सुरू."

उद्या. उद्या म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे चिमी आली, सासूबाईंच्या कुशीत, तोंडाला पंपाची नळी लावून दहा आकडे मोजणारी. तीन आठवडे उरले होते. एका सहीने काय बिघडतं, असं नवराही म्हणाला असता. तिने पेन उचललं. मग सहीच्या जागी न जाता खुलाशाच्या ओळींवर लिहायला सुरुवात केली. तीन ओळी पुरल्या नाहीत, ती समासात शिरली.

"इथे एवढं लिहायचं नसतं," साहेब म्हणाले.

"मग जागा कशाला ठेवलीय?"

"मॅडम, तुम्ही उगाच ताणताय."

"ताणलं तुम्ही. पंधरा दिवस." तिचा आवाज चढला, आणि आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वर झाली. एरवी ती लाजेने मेली असती. "मी विचारायला आले म्हणून मला नोटीस दिलीत. समोर फरशा आहेत, तिथे गेला नाहीत. तुमच्याच रजिस्टरात लिहिलंय की चुना ठेवा, आणि तुम्ही मला रंग लावायला सांगितलंत. चूक झाली हे मी लिहून देऊ? माझी कुठली चूक? दाखवा, तिथे मी दहा सह्या करते."

साहेबांनी ओठ आवळले. "मग रीतसर वरती पाठवावं लागेल. वेळ लागेल."

"नाही लागत, साहेब."

आवाज मागून आला. मॅडम दारात उभ्या होत्या, चष्मा पुन्हा गळ्यात. "नियम चौदा, खालची टीप. पूर्वीची नोंद सापडली तर थांबवण्याचा आदेश त्याच दिवशी रद्द होतो. वरती जात नाही. मी टाइप करून आणलाय, तुमची सही हवी."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मॅडमनी शिक्क्यांच्या रांगेकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. सही झाली.

पत्र चार ओळींचं होतं. काम सुरू करण्यास हरकत नाही, सबब प्रकरण बंद. झालेल्या त्रासाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, उलट शेवटी 'यापुढे दक्षता घ्यावी' होतं. तिने खाली पेनाने विचारलं, 'कुणी?' आणि मगच पोच म्हणून सही केली. खिडकी तीनसमोरून जाताना ती थांबली.

"मुलगी किती वर्षांची?" मॅडमनी विचारलं.

"चार."

"हं," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

मामांनी दुसरीकडचं काम पुढे ढकललं. आपल्या भावाला आणि भाच्याला घेऊन आले, दोन आठवड्यांचं काम आठ दिवसांत ओढलं, आणि रोज सांगत राहिले की चुन्याला हे आवडत नाहीये. सुकायला दोन आठवडे हवे होते, मिळाले बारा दिवस. सासूबाई सकाळ-संध्याकाळ पोत्यांवर पाणी शिंपडायच्या आणि समोरच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आमचं परवानगीचं आहे हो!"

शेवटच्या दिवशी पाइप परत बसवायच्या आधी मामांनी मागच्या पट्ट्यावर, जुन्या आकड्यांच्या खाली, ताज्या चुन्याचा हात फिरवला आणि थापी तिच्या हातात दिली. "साक्ष तुम्हीच घाला, ताई. हक्क आहे तुमचा. वर्ष कोरा."

तिने वर्ष कोरलं. मग खाली आणखी लिहू लागली.

"अहो, वर्ष पुरतं!"

"नाही पुरत, मामा." ओला चुना थापीच्या टोकाला लोण्यासारखा सोडत होता. "वर्ष मिळालं म्हणून रजिस्टर मिळालं, तेही ती बाई स्टुलावर चढली म्हणून. पुढच्या वेळी कोण चढेल?"

तिने खोकल्याची वही उघडून त्यातल्या मधल्या पानावर कचेरीतून उतरवून आणलेला एकेक आकडा तपासून पाहिला आणि कोरला. नोंद २१८. खाली नव्या पत्राचा जावक क्रमांक. त्याखाली नियम चौदा, खालची टीप.

मामांनी पाइप भिंतीला टेकवला, पट्टे आवळले. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. पावसाच्या बाजूला ढग जमायला लागले होते. ती आत गेली, चिमीच्या खोलीतल्या सगळ्यांत वरच्या रेघेखाली पेन्सिलीने आजची तारीख लिहिली, आणि पेन्सिल कानामागे खोचून पहिल्या सरीची वाट बघत उभी राहिली.